पाटा एका घरी, वरवंटा दुसऱ्या घरी

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा राज्य कुणाचं होतं हेही आता कुणाला सांगता येणार नाही. डोंगराच्या कुशीत वीस-बावीस उंबऱ्यांचं एक गाव होतं, आणि गावाच्या टोकाच्या घरात आवडाई नावाची एक विधवा एकटीच राहत होती.

अंबाडीच्या वाखाचे दोर वळून ती पोट भरायची. अंबाडी तिच्या परसातच यायची. पाला भाजीला, बोंडं चटणीला, सालीचा वाख दोराला आणि उरलेल्या काड्या चुलीला. त्या झाडाचं टाकून द्यावं असं काही राहतच नसे.

एक पातेलं, एक तवा, एक ताट, एक वाटी, एक तांब्या आणि एक घोंगडी, एवढाच तिचा संसार. लुगडं विटलं की त्याची गोधडी व्हायची. गोधडी विरली की तिचं पोतेरं. आणि पोतेऱ्यातूनही जे चार धागे धड निघतील, त्यांची वात. भांडी राखेनं घासायची आणि ते पाणी अळूच्या वाफ्यात सोडायची. रोज सकाळी तिच्या अंगणातला केर ओंजळभरही भरत नसे.

गावचा पाटील चावडीवर बसून लोकांना सांगायचा, "राहावं तर आवडाईसारखं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

लोक माना डोलवायचे आणि उठून आपापल्या घरी जायचे. आवडाईच्या घरी मात्र कुणी जात नसे.

हे असं पहिल्यापासून नव्हतं. बारा वर्षांमागे तिचा नवरा गेला. त्या साली घरात काही नव्हतं, म्हणून ती शेजारच्या म्हाळसावहिनींकडे कधी परात, कधी सूप, कधी चाळणी मागायला जायची. एका सकाळी ती अशीच परात मागायला गेली. पायरीवर पाऊल ठेवलं आणि आतून म्हाळसावहिनींचा आवाज आला, "आली पुन्हा मागायला."

आवडाईनं पायरीवरचं पाऊल मागं घेतलं. घरी येऊन तिनं पीठ पातेल्यातच मळलं. जमलं. दुसऱ्या दिवशी चाळणीवाचून जमलं, मग सुपावाचूनही जमलं. उन्हाळ्यात विरजण नासलं, तेव्हा कुणाकडून आणण्यापेक्षा तिनं दहीच सोडलं.

"लागत नाही म्हटलं की लागत नाही," ती स्वतःला सांगायची. आणि तेही काही खोटं नव्हतं.

कुणी तिच्याकडे काही मागितलं, तर ती नाही म्हणत नसे. वाटी द्यायची, दोराचा तुकडा द्यायची. पण वाटी परत येताना रीत म्हणून कुणी तिच्यात चार शेंगा घालून आणल्या, तर त्या ती ओट्यावरच परत करायची. "शेंगा राहू द्या. वाटी तेवढी ठेवा." हे ती रागानं म्हणत नसे. पण रिकामी वाटी ठेवून परत फिरताना माणसाला कसं वाटतं, याचा विचार तिनं कधी केला नाही. पुढं पुढं लोकांनी तिच्याकडे मागणंही सोडलं.

तुम्ही म्हणाल, तिला वाईट वाटत नव्हतं का? वाटायचं. दिवस कामात जायचा, पण संध्याकाळी गावातल्या चुली पेटायच्या, एका घरातून दुसऱ्या घरात झाकलेल्या वाट्या जायच्या, आणि आवडाई आपल्या दारात बसून त्या वाट्यांकडे बघायची. एकदा तिला शिंक आली आणि स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. मग तिनं आठवून पाहिलं. गेले नऊ दिवस ती एका शब्दानंही कुणाशी बोलली नव्हती.

एके दिवशी गावात एक वाटसरू आला. घर विचारत विचारत तो तिच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आवडाई तुम्हीच ना? तुमच्या थोरल्या बहिणीचा निरोप आहे. ती अंथरुणाला खिळली आहे. जमेल तेवढ्या लवकर ये म्हणाली आहे."

थोरलीचं गाव आठ दिवसांच्या वाटेवर. तिलाही मूलबाळ नव्हतं, तिचाही नवरा गेलेला. चौदा वर्षांत दोघींची भेट नव्हती. आवडाईनं त्याच दिवशी घोंगडीत गाठोडं बांधलं. तवा, तांब्या, पीठ, मीठ आणि चार वाळल्या मिरच्या. घराला कडी घातली. कुणाला काही सांगायचं तिच्या मनात आलं नाही, आणि ती गेल्याचं गावालाही तीन दिवस कळलं नाही.

वाटेतही ती घरच्यासारखीच राहिली. पळसाच्या पानावर जेवायची आणि जेवून झालं की ते पान एखाद्या गाईपुढं धरायची. चूल मांडली तर उठताना दगड जागच्या जागी ठेवायची, राख पाण्यानं विझवायची. ती जिथून उठे, तिथं कुणी बसलं होतं हे कळलंही नसतं. तिला याचं समाधान होतं. आपण कुणालाच जड नाही, असं तिला वाटायचं.

चौथ्या दिवशी दुपारी ती एका ओढ्याकाठी पोचली. तिथं मोठ्या जांभळीच्या सावलीत वाटसरूंचा तळ पडला होता. कुणाचं पीठ, कुणाचं सरपण, कुणाची डाळ, असं मिळून त्यांचा एकच स्वयंपाक चालला होता. आवडाईनं जरा बाजूला आपले तीन दगड मांडले, भाकऱ्या थापल्या आणि जेवायला बसली.

त्या वाटसरूंत एक म्हातारी कासारीण होती. बांगड्यांच्या माळा खांद्यावर घेऊन ती गावोगाव हिंडायची. ती आवडाईपाशी आली. "तुझं झालं असेल तर तवा देतेस का गं? आमच्यात तवा एक आणि तोंडं सात आहेत."

"घ्या की," आवडाई म्हणाली.

थोड्या वेळानं कासारीण तवा घासून घेऊन आली. तव्यावर गरम भाकरी होती आणि भाकरीवर ठेच्याचा गोळा.

"भाकरी नको," आवडाई म्हणाली. "माझा तवा तेवढा द्या."

कासारणीनं तवा खाली ठेवला. मग तिच्याजवळ बसली. "एवढी शिदोरी, तवा, तांब्या, सगळं एकटीच वाहतेस?"

"माझ्यापुरतंच आहे. कुणापुढं हात पसरावा लागत नाही."

"मी तीस वर्षं हिंडतेय," कासारीण म्हणाली. "माझ्या गाठोड्यात फक्त मीठ असतं. ज्याच्याकडे तवा असतो तो मीठ विसरलेला असतो. माझं काही अडलं नाही, आणि मी एकटी जेवले असा दिवसही आठवत नाही." तिनं तव्याकडे बोट केलं. "तू मला हा दिलास. आता त्याची भाकरी तू घेत नाहीस, तर ते ओझं मी कुठं उतरवू?"

 आवडाई गाठोडं बांधू लागली. बोलता बोलता कासारणीला कळलं, की हिलाही थोरलीच्याच गावी जायचं आहे.

"मीही तिकडेच चालले आहे," कासारीण म्हणाली. "जरा ऊन उतरू दे, सोबत निघू."

"माझं चालणं हळू आहे. माझ्यापायी कुणी थांबायला नको," असं म्हणून आवडाई भर उन्हातच निघाली. ती भाकरी तिनं घेतली नाही.

दीड कोसावर वाट दुभंगली. एक वाट डावीकडे झुडपांत शिरत होती, दुसरी उजवीकडे उघड्या माळावरून जात होती. समोरच्या टेकाडावर एक धनगर मेंढरं चारत होता. एक हाक मारली असती तर त्याला ऐकू गेलं असतं. आवडाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या घशापर्यंत हाक आली होती. मग तिला वाटलं, एवढ्यासाठी कशाला कुणाला त्रास, आणि जी वाट जास्त मळलेली दिसली ती उजवीकडची तिनं धरली.

ती वाट गाडीवाल्यांनी मळलेली होती. दीड दिवस चालल्यावर दगडांच्या एका खाणीपाशी ती संपली. खाण कधीची ओस पडली होती. चहूकडे फुटलेला दगड आणि मधे साचलेलं हिरवं पाणी. आवडाई तिथूनच वळली आणि दीड दिवस मागं चालत आली. धनगर मेंढरं घेऊन पुढं निघून गेला होता. तिनं झुडपांतली वाट धरली.

थोरलीच्या गावी ती अकराव्या दिवशी पोचली. घर विचारायची गरज पडली नाही. एका लहानशा घरापुढं अंगणभर बायामाणसं गप्प बसली होती. सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं आणि वाट दिली. एवढ्यावरूनच तिला सगळं कळलं.

"काल गेली," एक वयस्कर बाई पुढं येऊन म्हणाली. ती थोरलीची शेजारीण, तुळसाकाकू. "चार दिवसांपासून नुसती वाटेकडे डोळे लावून होती. परवा एक कासारीण आली. तवा देऊन त्याची भाकरी न घेणारी एक बाई वाटेत भेटली, ती इकडंच यायला निघाली आहे, असं सांगत होती. ते ऐकून तुझी बहीण हसली. म्हणाली, ती माझी आवडीच. लहानपणीही रुसली की कुणाच्या हातचं घेत नसे. आज येईल. मग आम्ही तिची बाज अंगणात आणली. दोन दिवस तिथनं ती हलली नाही."

आवडाई तिथंच खाली बसली. तिला रडू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं तो धनगर होता, आणि घशात अडकून राहिलेली ती हाक.

तुळसाकाकूंनी तिच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या आणून ठेवला. काही विचारलं नाही. तांब्या ठेवून त्या बाजूला झाल्या. आवडाई कितीतरी वेळ त्या पाण्याकडे बघत राहिली. मग तिनं तो उचलला आणि घटाघट प्यायली.

"तिनंच सांगून ठेवलं होतं," तुळसाकाकू हळू आवाजात म्हणाल्या. "ती आली तर पाणी हवं का म्हणून विचारू नका, ती नको म्हणेल. नुसता तांब्या पुढ्यात ठेवा."

तेव्हा आवडाईला रडू फुटलं.

घरात सुतक होतं. दहा दिवस चूल पेटायची नव्हती. शेजारपाजारच्या घरांतून पिठलं-भाकरी यायची. पहिल्या दिवशी आवडाईचा हात घासाकडे जाईना. पण ज्यांनी आणलं होतं त्या बाया समोर बसून होत्या, आणि त्यांचेही डोळे रडून सुजले होते. मग ती जेवली.

दुपारी सगळ्या आपापल्या घरी गेल्या की ती त्या घरात एकटी फिरायची. तिचंच घर उचलून इथं आणून ठेवावं, तसं ते होतं. कोनाड्यात एक तांब्या. फळीवर एक पातेलं. दांडीवर एक लुगडं, ठिगळांवर ठिगळं लावलेलं. आईनं दोघींना हेच शिकवलं होतं, टाकू नका, साठवू नका. थोरलीही तेच शिकली होती. मग हिच्यासाठी अख्खं गाव कसं रडतं?

चुलीजवळ पाटा होता. वरवंटा मात्र कुठंच दिसला नाही.

"तो माझ्याकडे आहे," तुळसाकाकू म्हणाल्या. "पाटा इथं, वरवंटा माझ्या घरी. वीस वर्षं हे असंच चाललंय. तिला चटणी वाटायची असली की ती मला हाक मारायची. मला वाटायची असली की मी वरवंटा घेऊन इथं यायचे. माझ्या सुनेनं एकदा दुसरा पाटा आणते म्हटलं. मी तिला म्हटलं, आण, पण मग मी दिवसभर बोलायचं कुणाशी?"

आवडाईनं पाट्यावरून हात फिरवला.

"आणि एक सांगू?" तुळसाकाकू पुढं म्हणाल्या. "ती दर चार दिवसांनी माझ्याकडे विरजण मागायला यायची. तिच्या मडक्यात दही असायचं. मला ठाऊक होतं. मीही तिच्याकडे चाळणी मागायला जायचे, तेव्हा माझी चाळणी खुंटीला टांगलेलीच असायची. ते तिलाही ठाऊक होतं. आम्ही कधी एकमेकींना म्हटलं नाही."

"आणि कधी कुणी म्हटलं नाही, की आली पुन्हा मागायला?" आवडाईनं विचारलं.

तुळसाकाकू हसल्या. "म्हणायचे की. मीच कितीदा म्हटलंय. हातात काम असलं, डोकं दुखत असलं की माणूस म्हणतोच. ती आत यायची आणि म्हणायची, हो, आले पुन्हा, आता दे."

आवडाई उठली आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली. बारा वर्षं तिनं ते एक वाक्य उराशी सांभाळलं होतं. आत जाऊन एवढंच म्हणता आलं असतं, हे तिला कधी सुचलं नव्हतं.

सुतक फिटलं तशी गावातली माणसं एकेक येऊ लागली. कुणी म्हणालं, ही तिची कढई, आमच्याकडे राहिली होती. कुणी सूप आणलं, कुणी दिवा. कुणी संकोचत म्हणालं, ती परात आमची आहे, पण घाई नाही. सगळ्यांचं देऊन-घेऊन झाल्यावर थोरलीचं म्हणून जे उरलं, ते एका गाठोड्यात मावेल एवढंच होतं. तिचा संसार आवडाईच्या संसाराहून कणभरही मोठा नव्हता. फक्त तो चार भिंतींत कधी राहिला नव्हता.

ते सगळं आवडाईनं ज्याच्या त्याच्या हवाली केलं. पाटा तुळसाकाकूंच्या घरी पोचवला. त्यांनी तो वरवंट्याशेजारी ठेवून घेतला. पाटा-वरवंटा एका घरात आले, तरी तुळसाकाकूंना त्यात काही मिळवल्यासारखं वाटलं नाही.

परतीची वाट आठ दिवसांची होती, आणि आठ दिवसांतच ती सरली. आवडाई प्रत्येक फाट्यावर थांबली आणि कुणी ना कुणी दिसेपर्यंत वाट बघत राहिली. तुळसाकाकूंनी दिलेली शिदोरी दुसऱ्या दिवशी संपली. तिसऱ्या दिवशी एका घरापुढं उभी राहून तिनं भाकरी मागितली. मागताना तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की घरच्या बाईला दोनदा विचारावं लागलं.

घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. कडी काढून ती आत गेली. महिनाभराची धूळ, कोपऱ्यात कोळिष्टकं. चूल गार पडली होती. चकमकीचा दगड फळीवर होता. दोन ठिणग्या पाडल्या असत्या तर चूल पेटली असती. तिनं तो दगड हातात घेतला आणि परत फळीवर ठेवला.

परसातून तिनं एक खापर उचललं आणि म्हाळसावहिनींच्या घरी गेली. पायरीवर पाऊल ठेवलं.

"वहिनी," तिनं हाक मारली. "विस्तव देता का थोडा?"

आत भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. म्हाळसावहिनी दारात आल्या. बारा वर्षांत त्या पुष्कळ थकल्या होत्या. केस पांढरे झाले होते, एका डोळ्यात फूल पडलं होतं. शेजारच्याच घरात राहून आवडाईनं हे कधी नीट पाहिलं नव्हतं.

म्हाळसावहिनींनी खापर हातात घेतलं, पण त्या आत गेल्या नाहीत.

"आवडाई," त्या म्हणाल्या, "बारा वर्षं तू या पायरीवर आली नाहीस. माझं काय चुकलं, ते मला कधी कळलं नाही. दोनदा विचारायला निघाले होते. तुझ्या दारापर्यंत आले आणि परत फिरले."

 म्हाळसावहिनींना काही आठवतच नव्हतं. ज्या शब्दापायी तिनं बारा वर्षांच्या संध्याकाळी एकटीनं काढल्या, तो शब्द ज्यांनी उच्चारला त्यांच्या मनात एक दिवससुद्धा राहिला नव्हता.

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "माझी थोरली गेली, वहिनी. मला तीन दिवस उशीर झाला."

म्हाळसावहिनींनी खापर खाली ठेवलं आणि तिला हाताला धरून आत नेलं. विस्तव घेऊन जायला त्या दिवशी तिला बराच वेळ लागला.

पुढं काय झालं म्हणाल, तर फार मोठं असं काही झालं नाही. एकदा जायचं सोडलेली माणसं एका दिवसात परत येत नाहीत. कितीतरी महिने तिच्याकडे फक्त म्हाळसावहिनीच यायच्या. मग सुगीत एका घराला दोर हवा होता, ते आले. त्यांनी दिलेलं वाटीभर हुलग्यांचं पीठ आवडाईनं ठेवून घेतलं. मग आणखी कुणी आलं. तिच्या घरात वस्तू एकही वाढली नाही. केर मात्र थोडा वाढला, कारण आता येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांची माती अंगणात पडायची, आणि ती झाडताना आवडाईला आनंद व्हायचा.

थोरलीचे ते दोन दिवस, बाजेवर पडून वाटेकडे बघत काढलेले, मात्र तिला कुणी परत दिले नाहीत. एकटी असली की ते तिच्याजवळ येऊन बसत, आणि शेवटपर्यंत ते तसेच येत राहिले.

म्हणून लहानथोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: गरजा कमी कराव्यात, माणसं कमी करू नयेत.